सर्व्हर उघडायच्या आधी त्याचा लॉग वाचा भाऊ

आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की पहिला प्रश्न असते, "पार्ट केवढ्याचा पडते?" कोणता पार्ट गेला हे अजून कोणालाच माहीत नसते पण नागपूरला फोन लावून भाव काढून झालेला असते. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, आजूबाजूच्या पतसंस्था, जिनिंग, कॉलेज अन् एका दवाखान्याचे सर्व्हर मी पाहतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली की पार्ट बदलणं हे थोड्या वेळाचं काम आहे, कोणता बदलायचा हे शोधणं हेच खरं काम आहे. अन् ते शोधायचं अर्धं काम सर्व्हरनं स्वतःच त्याच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, करून ठेवलेलं असते, फक्त कोणी वाचत नाही. आपल्या भागातले बरेच पोरं आता डेस्कटॉप रिपेअरिंग करता करता सर्व्हरच्या कामात उतरून राहिले, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो.

डेस्कटॉपची सवय वेगळी असते. तिथं रॅम काढा, पुसा, परत लावा, नाही झालं तं दुसरी लावून पहा, असं करत करत मशीन चालू होते अन् गिऱ्हाईक खूश. सर्व्हरमध्ये असं अंदाजानं हात घालू नका, कारण त्याच्या बोर्डावर एक वेगळा छोटा कंप्युटर बसवलेला असते, बीएमसी म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात त्याला. डेलच्या मशीनमध्ये तो आयड्रॅक नावानं असते, एचपीमध्ये आयएलओ, बाकीच्यांमध्ये साधा आयपीएमआय म्हणून. मेन मशीन बंद असली तरी वायरमध्ये करंट आहे तोवर हा जागा असते अन् पंखे, टेंपरेचर, व्होल्टेज, रॅम, पॉवर सप्लाय सगळ्यांवर नजर ठेवून तारीख-वेळेसकट लिहून ठेवते. आयपीएमआय म्हणजे या छोट्या कंप्युटरशी बोलायची ठरवून दिलेली पद्धत, तिचं स्टँडर्ड १९९८ चं आहे, म्हणजे ही काही नवी सोय नाही. पण मी ज्या ज्या जागी पहिल्यांदा गेलो तिथं बहुतेक ठिकाणी त्याच्या लॅन पोर्टात वायरच नव्हती. नवीन जागा हातात आली की मी आधी ती वायर लावतो, पासवर्ड बदलतो, अन् त्याचं घड्याळ बरोबर करतो. घड्याळ चुकलेलं असलं तं लॉगमधली वेळ कशाशीच जुळत नाही, मंग लाईन कधी गेली अन् एरर कधी आला याचा मेळच लागत नाही. अन् एक, लॉग भरला म्हणून कोणी क्लिअर मारून टाकते, ते आधी सेव्ह केल्याशिवाय कधीच करू नका.

मागच्या उन्हाळ्यात एका पतसंस्थेतून क्लार्क ताईचा फोन आला, "दादा, मशीन चालू आहे पण समोर पिवळा लाईट लागून राहिला, बंद करून चालू करू का?" म्हटलं ताई काहीच करू नका, तसंच राहू द्या, मी निघालो. ताईनं विचारलं हे फार चांगलं केलं, कारण खराब होत आलेली डिस्क एकदा बंद झाली की परत फिरेलच याची खात्री नसते. पोचलो तं मॅनेजर साहेबांनी नवीन डिस्क मागवून ठेवली होती अन् गावातल्याच एका पोराला बोलावलं होतं. पोरगा हुशार होता, त्यानं डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या, म्हणजे कंट्रोलरच्या स्क्रीनवर वाचलं होतं की स्लॉट २ ची डिस्क फेल आहे, अन् डावीकडून दुसऱ्या डिस्कच्या हँडलला हात घातला होता. ट्रेवरचे छोटे लाईट धुळीनं इतके माखले होते की हिरवा कोणता अन् पिवळा कोणता काहीच दिसत नव्हतं. त्या मशीनवर स्लॉटची मोजणी शून्यापासून होती, म्हणजे स्लॉट २ ही तिसरी डिस्क. चार डिस्कची रेड ५ होती, म्हणजे डेटा सगळ्या डिस्कवर असा वाटलेला की एक गेली तरी काम चालते, अन् एक आधीच गेलेली, अन् त्यानं ती दुसरी ओढली असती तं उरल्या दोन, अन् दोनवर रेड ५ चालत नाही. हजारो खातेदारांचा हिशोब त्या क्षणी बंद.

त्या पोराला मी काही बोललो नाही, त्याला शेजारी बसवून दाखवलं. आधी बॅकअप, बाकी सगळं मंग. एक डिस्क गेलेली असताना रेड ५ जवळ काहीच शिल्लक नसते, म्हणून ताजा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला अन् उघडून पाहिला. मंग कंट्रोलरच्या स्क्रीनवरून फेल डिस्कचा सिरीयल नंबर कागदावर लिहिला. मंग त्याच स्क्रीनवरून लोकेट मारलं, त्यानं त्याच स्लॉटचा लाईट लुकलुकते. ओल्या नाही, कोरड्या कपड्यानं ट्रे पुसले, लुकलुकणारा दिसला. हँडल उघडून डिस्क बोटभर बाहेर ओढली अन् तिथंच थांबलो, आतल्या तबकड्या फिरत असतात त्या थांबायला अर्धा-एक मिनिट द्यावं लागते, गरगर फिरती डिस्क झटक्यानं हातात घेतली तं हेड तबकडीवर घासू शकते, अन् फेल दाखवलेल्या डिस्कमधूनही कधीकधी डेटा काढायची वेळ येते. बाहेर काढल्यावर लेबलवरचा सिरीयल कागदाशी जुळवला. तेव्हाच नवीन आत घातली. रिबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीन डिस्कवर परत भरणं, आपोआप चालू झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण. एखाद्या मशीनवर आपोआप होत नाही, तिथं नवीन डिस्कला हॉट स्पेअर, म्हणजे राखीव डिस्क म्हणून नेमावं लागते.

नवीन डिस्क घेताना नुसतं "चार टीबी द्या" म्हणून चालत नाही. सॅस आहे का साटा (डिस्क जोडायचे दोन वेगळे प्रकार) ते पहा, साईज जुन्याइतकी किंवा जास्त पायजे, थोडीही कमी भरली तं कंट्रोलर घेत नाही. अन् दुकानदार म्हणाला की डेस्कटॉपची स्वस्तातली लावून द्या, सारखीच असते, तं ऐकू नका. डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टर (डेटा ठेवायचा छोटा कप्पा) लागला की तो वाचायचा प्रयत्न बराच वेळ करत बसते, रेड कंट्रोलर तितका वेळ थांबत नाही, त्याला वाटते डिस्क मेली अन् तो तिला बाहेर काढून टाकते. सर्व्हरच्या डिस्क साधारण सात सेकंदांत हार मानून कंट्रोलरला सांगून देतात की हा सेक्टर जमला नाही, तू बाकीच्या डिस्कवरून भरून घे.

रेडची कल्पना कागदावर मांडली ती १९८८ मध्ये, बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन अन् कॅट्झ या तिघांनी, अन् त्यात धरूनच चाललेलं आहे की डिस्क जाणार. पण तेव्हाच्या छोट्या डिस्क शंभरेक मेगाबाइटच्या होत्या. बऱ्याच साध्या मोठ्या साटा डिस्कवर कंपनी लिहून देते की १० चा १४ वा घात इतके बिट वाचले तं जास्तीत जास्त एक न वाचता येणारा एरर येऊ शकते, हे साडेबारा टीबीच्या आसपास बसते. चार टीबीच्या चार डिस्कची रेड ५ असली अन् एक गेली तं रिबिल्डसाठी बाकीच्या तीन म्हणजे १२ टीबी सगळं वाचावं लागते. प्रत्यक्षात डिस्क त्यापेक्षा चांगल्या निघतात पण मला स्वतःला मोठ्या डिस्कवर रेड ५ नको वाटते, मी रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी चालते) किंवा रेड १० (प्रत्येक डिस्कची जोडीला नक्कल) सांगतो, एक-दोन डिस्क जास्तीच्या लागतात तं लागू द्या. लोकांचा पैसा आहे तो.

डिस्क जायच्या आधी सांगते पण. डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद वाचणारा स्मार्टसीटीएल नावाचा प्रोग्राम आहे, तो चालवला की मोठी यादी येते, त्यातलं मी पाच नंबर, १९७ अन् १९८ आधी पाहतो. पाच म्हणजे किती सेक्टर खराब होऊन दुसरीकडे हलवले, १९७ म्हणजे किती सेक्टर संशयात आहेत, १९८ म्हणजे तपासणीत जे दुरुस्त झालेच नाहीत. आकडा थोडा असून महिनोन् महिने तेवढाच राहिला तं लक्ष ठेवायचं, पण आठवड्याला वाढून राहिला असेल तं डिस्क मागवून टाका. १९९ चा आकडा वाढून राहिला असेल तं मात्र डिस्कला दोष देऊ नका, ते बहुतेक वेळा केबल किंवा मागच्या कनेक्टरचं दुखणं असते. चांगली डिस्क काढून नवीन लावायची अन् जुनी केबल तशीच ठेवायची, हे मी बऱ्याच जागी पाहिलं.

रॅमचं तसंच. सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, बहुतेक वेळा ६४ बिट डेटाच्या सोबत आठ बिट तपासणीचे, एक बिट चुकला तं जागच्या जागी दुरुस्त करते अन् दोन चुकले तं निदान ओरडून सांगते. याच्या मुळाशी जे गणित आहे ते बेल लॅबच्या रिचर्ड हॅमिंगनं १९५० मध्ये छापलं, सुटीच्या दिवशी त्याचं काम मशीनवर लागायचं अन् एरर आला की मशीन ते काम सोडूनच द्यायची, मशीनला एरर सापडते तं दुरुस्त काऊन करता येत नाही या रागातून त्यानं ते शोधलं. पण दुरुस्त करते म्हणूनच धोका असते, मशीन चालू राहते अन् लॉगमध्ये "करेक्टेबल एरर" साचत जातात अन् कोणी पाहत नाही, मंग एक दिवस दोन बिट चुकतात अन् मशीन धाडकन बसते.

एका जिनिंगमध्ये हेच झालं होतं, ऐन सीझनला, कापसाच्या गाड्या गेटवर उभ्या अन् वजनकाट्याचा सर्व्हर दिवसातून कधीही रीस्टार्ट. लॉगमध्ये बी२ स्लॉटचे एरर. मालकाचं म्हणणं रॅम बदलून टाका. मी म्हटलं शेठजी आधी अदलाबदल करू, बी२ ची रॅम ए२ मध्ये अन् ए२ ची बी२ मध्ये, दोन्ही सारख्याच होत्या म्हणून जमलं. एरर रॅमच्या मागं ए२ मध्ये गेला तं रॅम खराब, बी२ मध्येच राहिला तं स्लॉट किंवा त्याच्या मागचं काही. संध्याकाळी लॉग पाहिला, एरर बी२ मध्येच. टॉर्च मारून स्लॉटमध्ये पाहिलं तं तळाशी सरकीच्या रुईचा बारीक पांढरा धागा, पिनांच्या मध्ये दबून बसलेला, त्यावर काळपट धूळ. लाकडी काडीनं अलगद काढला, हवा मारली, आयसोप्रोपाईल अल्कोहोल लावलेल्या कपड्यानं रॅमचे कॉन्टॅक्ट पुसले, अन् त्यानंतर बी२ चा एरर आला नाही. नवीन रॅम आणली असती तं तीही त्याच धाग्यावर बसली असती.

खोडरबर घासू नका रॅमवर. आपल्याकडे सगळेच घासतात मला माहीत आहे, पण वरचा सोन्याचा थर फार पातळ असते, घासून घासून तो जाते अन् वरून रबराची भुकटी स्लॉटमध्ये पडते.

आता जे सांगतो ते आपल्या भागाचं आहे, पुस्तकात मिळणार नाही. निम्म्याच्या वर पार्ट आपल्याकडे स्वतःहून मरत नाहीत, लाईन, ऊन अन् धूळ त्यांना मारते, अन् ते कारण तसंच ठेवून पार्ट बदलला तं नवीन पार्ट पण जाते. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ डिग्री हवा असावी असं अॅश्रे नावाची अमेरिकन इंजिनिअर लोकांची संस्था सांगते, अन् आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५. पतसंस्थेत एसी असते पण तो मॅनेजरच्या केबिनमध्ये, सर्व्हर जिन्याखाली. अन् कोणीतरी दया येऊन त्याच्यासमोर कुलर लावून देते. कुलर माणसासाठी चांगला, सर्व्हरसाठी नाही. त्याची हवा ओली असते, सोबत बोअरच्या खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब येतात, ते वाळले की बोर्डावर पांढरा थर राहते, अन् थोड्या दिवसानं कॉन्टॅक्टवर हिरवट गंज. एसी जमत नसेल तं खोलीच्या वरच्या बाजूला एक्झॉस्ट लावा, खाली जाळीतून हवा येऊ द्या, पण कुलर नको.

धूळ काढताना ब्लोअर मारा पण पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. मोकळं सोडलं तं ब्लोअरच्या हवेनं पंखा त्याच्या ताकदीच्या बाहेर फिरते, बेअरिंग जाते, अन् फिरता पंखा उलटा करंट पण तयार करते. मशीन बंद, दोन्ही पॉवर वायर काढलेल्या, अन् हाताला अँटीस्टॅटिक पट्टा. एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की टेरिकॉटचा शर्ट काढताना चटचट आवाज येते, तेवढा चटका रॅमच्या चिपला जास्त होते, आपल्याला जाणवत पण नाही तेवढ्यानं सुद्धा काम होते तिचं.

पॉवर सप्लायचं बोलू. चांगल्या सर्व्हरला दोन असतात, एक गेला तं दुसरा ओढते. मी जाऊन पाहतो तं दोन्हीच्या वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात, तो बोर्ड एकाच यूपीएसवर. मंग दोनचा उपयोग काय राहिला? एक यूपीएसवर ठेवा अन् दुसरा वेगळ्या यूपीएसवर, तेवढं बजेट नसेल तं निदान वेगळ्या बोर्डात. एक सप्लाय फेल दाखवला की लगेच नवीन मागवायची घाई करू नका, आधी त्याची वायर अन् बोर्डाचं सॉकेट बदलून पहा, मंग दोन सप्लायच्या जागा बदलून पहा. फेलचा लाईट सप्लायसोबत गेला तं सप्लाय, तिथंच राहिला तं मागचं.

अन् अर्थिंग. मीटर लावून न्यूट्रल अन् अर्थमध्ये व्होल्टेज पहा, दोन-तीनच्या वर दिसलं तं वायरमनला बोलवा. पावसाळ्यात बरोबर असलेली अर्थिंग उन्हाळ्यात बिघडते, कारण आपली काळी माती. ती वाळली की आकसते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पाईपाला ती सोडून देते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकावं लागते, हे काम शिपाई काकाला सांगून ठेवा अन् का ते पण समजावून सांगा, समजलं की ते विसरत नाहीत. मृगाच्या पहिल्या विजांमध्ये लॅन पोर्ट जाण्याचे फोन मला दरवर्षी येतात. एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये तांब्याची लॅन केबल वरून नेली असेल तं ती काढून फायबर टाका, काचेतून वीज येत नाही.

छोट्या बॅटऱ्यांकडे कोणाचं लक्ष नसते. बोर्डावर सीआर २०३२ चा गोल सेल असते, तीन व्होल्टचा, दोन-अडीचशे रुपयांच्या आतली वस्तू. तो गेला अन् रात्री लाईन गेली की सकाळी मशीनची तारीख कुठली कुठं गेलेली, अन् पतसंस्थेत तारीख चुकली की व्याज चुकलं. मी २.७ च्या खाली दिसला की बदलूनच टाकतो. दुसरी बॅटरी रेड कार्डाची. ती गेली की कार्ड कॅशवर, म्हणजे स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीवर, भरवसा ठेवत नाही अन् प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहिते, मशीन बंद पडत नाही पण रडत चालते. "डे-एंडला आधी इतका वेळ लागत नव्हता, सॉफ्टवेअर स्लो झालं" अशी तक्रार आली की मी आधी ही बॅटरी पाहतो, सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या मंग.

मदरबोर्डवर संशय सगळ्यात शेवटी. एक प्रोसेसर, एक रॅम, एक सप्लाय एवढ्यावर मशीन उभी करा, झाली तं एकेक वस्तू जोडत जा अन् प्रत्येक वेळी लॉग पहा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तं दोष कशात होता हे कधीच कळत नाही. अन् बोर्ड किंवा रेड कार्ड बदललं की पहिल्यांदा चालू करताना स्क्रीनवर "फॉरेन कॉन्फिगरेशन" सापडलं असं येते, म्हणजे डिस्कवर रेडची माहिती आहे पण नव्या कार्डाला ती ओळखीची नाही. तिथं दोन पर्याय असतात, इम्पोर्ट अन् क्लिअर. क्लिअर नाही करायचं भाऊ. इम्पोर्ट करायचं, अन् ते करायच्या आधी सगळ्या डिस्क ओळखल्या गेल्या का ते मोजायचं. माझ्या डोळ्यासमोर ही स्क्रीन आली की मी अजूनही माऊसवरचा हात काढून आधी पूर्ण वाचतो.

शेवटी काढलेल्या डिस्कचं काय करायचं ते. ती पतसंस्थेची असो का दवाखान्याची, त्यावर लोकांचे आधार नंबर आहेत, सह्या आहेत, कोणाला कोणता आजार आहे ते आहे. फेल झाली म्हणजे वाचता येत नाही असं नसते. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आला आहे पण कायदा नसता तरी हे लोक आपल्याच गावचे आहेत. भंगारवाल्याला किलोच्या भावात देऊ नका, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पण ठेवू नका. वॉरंटीत परत द्यायची असेल तं आधी कंपनीला विचारा की डिस्क आपल्याकडेच ठेवायची सोय आहे का, बऱ्याच कंपन्या थोडे पैसे घेऊन देतात. नाही तं गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे न्या, ड्रिलनं तबकड्यांच्या आरपार तीनचार भोकं पाडून घ्या, एसएसडी असेल तं आतल्या प्रत्येक चिपमधून ड्रिल जाऊ द्या, काम होईपर्यंत स्वतः तिथं उभे राहा, अन् परत येऊन रजिस्टरात सिरीयल नंबर, तारीख लिहून मॅनेजरची सही घ्या.